क्रमशः कथा आणि वहीतला वाचक

विचारणा अशी आहे: कोल्हापुरात नोकरी सांभाळून लिहिणारे एक जण बारा भागांची कथा दर आठवड्याला एक भाग याप्रमाणे व्हॉट्सॲपवरून साधारण १८० वाचकांना देणार आहेत. कथा शहरातच घडते. नेमानं वाचणाऱ्यांना काहीतरी द्यावं अशी इच्छा आहे, पण सगळा खर्च पाच हजारांच्या आत बसायला हवा. काय द्यावं, कुणाला द्यावं हे कसं मोजावं, आणि फसायला कुठं होतं?

थोडक्यात उत्तर: बक्षीस वाचल्याबद्दल द्या. पसरवल्याबद्दल, कौतुक केल्याबद्दल किंवा सगळ्यांत आधी उत्तर दिल्याबद्दल देऊ नका. आता सविस्तर.

बक्षिसाकडं येण्याआधी साठ्याचं बघा. पहिला भाग पाठवायच्या दिवशी निदान सहा भाग लिहून, एकदा सुधारून तयार हवेत आणि बाराव्या भागातला शेवटचा प्रसंग कागदावर हवा. मालिका मोडते ती बहुधा चौथ्या ते सहाव्या भागाच्या दरम्यान. तोवर सुरुवातीची ऊर्मी ओसरलेली असते, सगळी पात्रं घरात येऊन बसलेली असतात आणि त्यांचं पुढं काय करायचं ते ठरलेलं नसतं. सहा भाग हाताशी असले की आठवड्याला एक लिहायचा, एक पाठवायचा. साठा सहाच राहतो. घरात लग्न निघालं, मुलं आजारी पडली, ऑफिसात ऑडिट आलं की त्यातले दोन जातात. साठा तीनवर आला तर ‘पुढचा भाग पंधरा दिवसांनी’ असं तारखेसह कळवून टाका. मालिका उशिरा येणार हे वाचकाला आधी कळलेलं चालतं. वाट बघायला लावून मग कारण सांगितलं तर तो दुसऱ्या खेपेला वाट बघत नाही, आणि असा वाचक कुठल्याही बक्षिसानं परत येत नाही.

भागाची लांबी १२०० ते १४०० शब्द ठेवा. फोनवर सात-आठ मिनिटांत वाचून होतो, म्हणजे केएमटीच्या (शहर बसच्या) एका फेरीत किंवा कुकरच्या तीन शिट्ट्यांत. दोन हजारांच्या वर गेलात की लोक ‘रात्री वाचू’ म्हणून ठेवतात आणि रात्री दुसरंच काहीतरी बघतात.

भाग कुठं तोडायचा याला लांबीपेक्षा जास्त महत्त्व आहे. नवखा लेखक प्रत्येक भाग दारावरच्या थापेवर किंवा वाजणाऱ्या फोनवर संपवतो. दोनदा चालतं. तिसऱ्यांदा वाचक ओळखतो की दार उघडल्यावर दूधवालाच असणार. तोडायची चांगली जागा म्हणजे पात्रानं निर्णय घेतला आहे पण अजून पाऊल उचललेलं नाही, तिथं. उदाहरण घ्या: थोरला भाऊ वाटणीच्या कागदावर सही करायला तयार झाला, पेन मागितलं, भाग संपला. वाचकाला काय होणार ते जवळजवळ माहीत आहे, तरी आठवडाभर तो धाकट्याचा विचार करतो. दुसरी जागा म्हणजे वाचकाला एखादी गोष्ट कळलेली आहे आणि पात्राला नाही, तिथं. बारा भागांत थाप एकदाच वापरा, ती सातव्या-आठव्या भागासाठी राखून ठेवा. आणि प्रत्येक भागाच्या डोक्यावर ‘मागील भागात’ म्हणून सहा ओळींचा गोषवारा नको. पहिल्या परिच्छेदातच एखाद्या वाक्यात मागचं आठवून द्या. गोषवारा मिळतोय म्हटल्यावर लोक मागचा भाग वाचायचा सोडून देतात.

वार आणि वेळ एकदा ठरवलं की बदलू नका. रविवार सकाळ टाळा. त्या वेळी अर्धं कोल्हापूर मटणाच्या रांगेत असतं आणि उरलेलं वाटण वाटत असतं. बुधवार किंवा गुरुवार, रात्री नऊ, ही वेळ सहसा चालते. मालिका कधी सुरू करायची यालाही हिशेब आहे. गणपतीपासून दिवाळीपर्यंत कुणाचं चित्त थाऱ्यावर नसतं, त्यात दिवाळी अंक येतात. जूनमध्ये सुरू केली तर मधले भाग नेमके जुलै-ऑगस्टमध्ये येतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका. त्या दिवसांत माणसं पाण्याचा आकडा बघण्यासाठी फोन हातात घेतात, कथेसाठी नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर आठवा. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी पहिला भाग दिला तर बारावा जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतो, परीक्षांच्या आणि मार्च एंडच्या आधी. तुमच्या बारा भागांना हाच काळ घ्या.

पाठवण्याची तांत्रिक बाजू लवकर उरकू. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, तुमचे १८० आरामात मावतील. पण ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनात सेव्ह केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. ‘मला भाग येत नाहीत’ या तक्रारींचं पहिलं कारण हेच असतं. म्हणून नाव नोंदवतानाच नंबर सेव्ह करायला सांगा. विचारल्याशिवाय कुणालाही यादीत घालू नका. चार-पाच जणांनी कंटाळून रिपोर्ट केलं तर नंबरच बंद व्हायची भीती असते. ग्रुप नको, तिथं भागाच्या डोक्यावर सुप्रभात आणि वाढदिवस चढतात. भाग सरळ मजकूर म्हणून पाठवा. ए-४ मापाची पीडीएफ फोनवर वाचायची म्हणजे प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडं सरकवत न्यायची. मजकुराच्या सुरुवातीला आणि मधेही एकदा कथेचं नाव, भाग क्रमांक आणि तुमचं नाव घाला. शेवटी घातलेलं नाव पुढं पाठवताना सगळ्यांत आधी गळतं.

आता कुणाला बक्षीस द्यायचं. ‘दहा जणांना पाठवा आणि बक्षीस मिळवा’ केलंत तर तुमची कथा पैपाहुण्यांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपात पडेल, यादीत तीनशे नवीन नावं येतील आणि त्यातले फार थोडे तिसरा भाग उघडतील. शिवाय त्या गर्दीत तुमचे मूळचे वाचक कोण हेच दिसेनासं होतं. प्रतिक्रियेला बक्षीस ठेवलं तर ‘खूप छान, पुढील भागाच्या प्रतीक्षेत’ हे वाक्य शंभर वेळा मिळेल. पहिल्या दहा उत्तरांना बक्षीस ठेवलं तर नऊ वाजता रिकामे असणारे तेच सात-आठ जण दर वेळी जिंकतील. ज्या बाईला ताटं-भांडी आवरून साडेदहाला फोन हातात मिळतो ती दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं सोडून देईल, आणि बहुतेक वेळा तुमचा सगळ्यांत नेटका वाचक तीच असते.

त्याऐवजी खूणप्रश्न ठेवा. प्रत्येक भागाच्या शेवटी एक प्रश्न, उत्तर एका शब्दाचं, मुदत पुढच्या भागापर्यंतची, म्हणजे पूर्ण सात दिवस. उत्तर तुम्हाला खासगीत येतं, कारण ब्रॉडकास्टवरचं उत्तर इतरांना दिसत नाही. प्रश्न तयार करणं वाटतं तितकं सोपं नसतं. उत्तर भागाच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात असावं. पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदातलं उत्तर चाळणाऱ्यालाही सापडतं. फोनमधल्या शोधानं सापडेल असा शब्द प्रश्नात वापरू नका. ‘आक्कांनी कुठल्या रंगाची पिशवी आणली?’ विचारलं तर ‘पिशवी’ शोधून उत्तर मिळतं. ‘आक्का घरी आल्या तेव्हा हातात काय रंगाचं होतं?’ विचारलं तर प्रसंग वाचावा लागतो. अवघड करू नका, ही परीक्षा नव्हे, हजेरी आहे. शुद्धलेखनाची चूक माफ. हो-नाही उत्तराचा प्रश्न मात्र कधीच नको, कारण न वाचणाराही अर्ध्या वेळा बरोबर येतो.

हजेरी वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये लिहा: नाव, गाव, बारा रकाने, एक रकाना ‘चूक दाखवली’ आणि एक ‘पत्ता मागितला/मिळाला’. दर आठवड्याला वीस मिनिटांचं काम आहे. तीन आठवडे साचलं तर चॅट चाळून ते भरायला एक अख्खी संध्याकाळ जाते. पात्रता बारापैकी नऊ ठेवा. बारापैकी बारा ठेवलं तर पाचव्या आठवड्यात एक भाग चुकलेला माणूस ‘आता काय उपयोग’ म्हणून वाचायचंच थांबवतो. लग्नसराई, जत्रा, ताप यांना तीन सुट्ट्या पुरतात. १८० पैकी किती जण नऊ गाठतील हे तिसऱ्या भागानंतर वहीवरूनच दिसायला लागतं: तिन्ही रकाने भरलेले जितके, त्यापेक्षा शेवटचा आकडा क्वचितच वर जातो. छपाईचा अंदाज त्यावर करा. खाली ४० धरून हिशेब दिला आहे.

बक्षिसं दोन पातळ्यांची असावीत, एक चालता चालता मिळणारं आणि एक शेवटी.

चालता चालता मिळणारं बक्षीस चूक दाखवणाऱ्याला द्या. कथा शहरातलीच आहे म्हटल्यावर वाचक तुम्हाला सोडणार नाहीत, आणि हेच तुमचं भाग्य समजा. कोणत्या चुका पकडल्या जातात त्याचा अंदाज असावा म्हणून सांगतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या रात्री मिट्ट काळोख लिहिलात तर लगेच निरोप येईल, कारण यात्रा पौर्णिमेची असते. अंबाबाईच्या किरणोत्सवात सकाळची किरणं घातलीत तर झालंच. देवीच्या मूर्तीवर मावळतीची किरणं पडतात तो हा सोहळा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. तुमची मालिका नेमकी याच काळात चालणार असल्यानं हा प्रसंग घालायचा मोह होईल, तेव्हा तारीख बघून घाला. नायिका कोल्हापूर स्टेशनात पुण्याहून पुढं निघालेल्या गाडीत चढली असं लिहू नका. मिरजेकडून येणारी लाईन कोल्हापुरात संपते, इथून गाडी सुटते, इथून पुढं जात नाही. या चुका टाळायला पात्रांच्या वयाचा आणि प्रसंगांच्या तारखांचा तक्ता भिंतीवर लावा. तारखेपुढं तिथीही लिहा, म्हणजे चंद्र चुकत नाही.

बोलीची चूक तर जास्तच बोचते. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद कोल्हापुरी ठेवणार असाल तर कोणतं पात्र ‘करायलोय, जायलोय’ म्हणतं, कोण ‘गेल्तो, आल्तो’ म्हणतं आणि कोण शिक्षण झाल्यावर शहरी बोलायला लागलंय ते तक्त्यात लिहून ठेवा. इथल्या पोरी ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात. बाहेरचा मुद्रितशोधक ते इमानदारीनं ‘जाते, येते’ करून टाकेल. त्याला आधीच सांगून ठेवा.

ज्यानं खरी चूक दाखवली त्याला पोस्टकार्ड पाठवा. साधं पोस्टकार्ड ५० पैशांना मिळतं. त्यावर कथेतल्या एखाद्या पात्रानं लिहिलेल्या चार ओळी, हातानं. छापून घ्यायची हौस करू नका: छापील पोस्टकार्डाचा दर ६ रुपये आहे, आणि ५० पैशांच्या कार्डावर छापून टाकलंत तर उरलेले पैसे वाचकाकडून वसूल होण्याची पाळी येते. पात्राचा स्वभाव कार्डात उतरला पाहिजे. कंजूष मामा असेल तर त्यानं अर्धं कार्ड रिकामं सोडून ‘उरलेली जागा उत्तराला वापरावी’ असं लिहावं. मालिकेभरात अशी पंचवीस-तीस कार्डं जातात, खर्च पंधरा रुपये, आणि लोक ती शोकेसमध्ये लावून ठेवतात. पुढच्या भागाच्या सुरुवातीला एका ओळीत दुरुस्ती सांगा आणि वाचकाचं फक्त पहिलं नाव घ्या.

वाचकाचं नाव पात्राला देणं हे बक्षीस सगळ्यांना आवडतं आणि सगळ्यांत जास्त भांडणं त्यातूनच होतात. फक्त पहिलं नाव द्या. नाव, पेठ आणि धंदा या तीन गोष्टी एकत्र आल्या की शिवाजी पेठेत काय आणि मंगळवार पेठेत काय, माणूस ओळखू येतो. पात्र काय करणार आहे ते आधी सांगून मेसेजवर लेखी होकार घ्या. हे पात्र दोन भागांपेक्षा जास्त टिकू नये, नाहीतर कथेच्या गरजेनं ते पुढं काय करेल याची तुम्हालाच खात्री नसते. सहाव्या भागात प्रेमळ असलेला पोस्टमन दहाव्या भागात पैसे खातो आणि ज्याचं नाव दिलं त्याच्या घरी रुसवा सुरू होतो. (जाता जाता: पेठेच्या फुटबॉल टीमचं खरं नाव वापरून तिला कथेत हरवू नका. याला होकार कुणीच देणार नाही.)

पुढचा भाग एक दिवस आधी देणं हे बक्षीस मी सुचवणार नाही. एक दिवस आधीचा भाग दोन तासांत स्क्रीनशॉट होऊन फिरतो आणि बाकीच्यांना आपण दुय्यम वाचक आहोत असं वाटतं. काही जादा द्यायचंच असेल तर सहाव्या भागानंतर दुय्यम पात्राच्या तोंडून ७०० शब्दांचा एक प्रसंग लिहा, जो वाचला नाही तरी मुख्य कथा कळते. तो त्या वेळेपर्यंत पाच हजेऱ्या असणाऱ्यांना पाठवा.

शेवटचं बक्षीस म्हणजे छापील पुस्तिका. पण बारा भागांची नव्हे. ते सोळा हजार शब्द होतात, पुस्तकच ते, आणि त्याचा खर्च तुमच्या पाच हजारांत मावत नाही. पुस्तिकेत कुठंच न आलेली एक स्वतंत्र कथा द्या: याच पात्रांची, मालिकेच्या वीस वर्षं आधीची किंवा नंतरची. नऊ हजेऱ्यांवाल्यालाच ती पूर्ण समजते, हीच तिची गंमत.

इथं वजनाचा हिशेब काळजीपूर्वक करा, कारण नकळत पैसे जातात ते टपालात. पुस्तिका ए-५ मापाची, म्हणजे ए-४ कागद मधोमध दुमडून, मधे दोन पिना. अशा पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच येतात; ३० पानं झाली तर दोन कोरी सोडावी लागतील. ७० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथोचा, छपाईच्या साध्या पांढऱ्या कागदाचा, एक ए-४ ताव साधारण ४.४ ग्रॅमचा. आतली ३२ पानं म्हणजे आठ कागद, ३५ ग्रॅम. वर २५० जीएसएमचं कव्हर घेतलं की १५.६ ग्रॅम. पाकिटाशिवायच ५० ग्रॅम ओलांडले. हीच पुस्तिका २८ पानांची, कव्हर १७० जीएसएमचं, केलीत तर ३०.६ आणि १०.६ मिळून ४१ ग्रॅम, पातळ पाकीट ७ ग्रॅम, एकूण ४८. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरानं ५० ग्रॅमपर्यंतचं स्पीड पोस्ट शहरातल्या शहरात १९ रुपये आणि देशात बाहेर कुठंही ४७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. ५१ ग्रॅम झालं की पुण्या-मुंबईला तेच ६३ होतं. पहिली प्रत पाकिटात घालून, लेबल लावून, सोनाराकडच्या नाहीतर किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजा आणि मगच बाकीच्या छापा. पावसाळी दमट हवेत कागद ग्रॅमभर जड होतो; २४ पानांवर आलात तर ती धाकधूकही जाते.

२८ पानांत शीर्षक आणि श्रेयाची तीन पानं सोडली तर २५ उरतात. साडेअकरा पॉइंटचा टाईप आणि ओळींत मोकळं अंतर ठेवलं तर पानाला २२० ते २३० शब्द, म्हणजे कथा साडेपाच हजार शब्दांत बसवा. दहा पॉइंटवर उतरून सात हजार शब्द कोंबू नका, तुमच्या यादीत चाळिशीवरचे डोळे बरेच असतील.

चाळीस-पन्नास प्रतींना डिजिटल छपाईच. ऑफसेटला प्लेटचा खर्च येतो, तो तीनशे-चारशे प्रतींच्या खाली भरून निघत नाही. एका प्रतीला, काळी-पांढरी आतली पानं आणि रंगीत कव्हर धरून, ५० ते ७० रुपये असा अंदाज ठेवा, पण तीन ठिकाणी विचारा. दर पानाचा सांगतायत की कागदाचा, हे नक्की करून घ्या, दुप्पट फरक पडतो. पिना आणि कटिंग धरलंय का, तेही. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर प्रेसला वर्ड फाइल देऊ नका. काही प्रेसमध्ये अजून जुन्या फॉन्टवर काम चालतं, आणि रूपांतरात ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांची अदलाबदल होते, ‘ॲ’ उडतो, जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या आणि प्रूफ फोनवर न बघता कागदावर बघा. ‘ऱ्य, ऱ्ह, ॲ, ङ्म, द्ध’ असलेल्या ओळी आधी तपासा, बाकीचं बहुधा ठीक असतं.

हिशेब: ४५ प्रती (पाच जादा, कारण दोन पाकिटं परत येतातच) गुणिले ६० म्हणजे २७००. ४० पैकी २५ शहरातले धरले तर टपाल ५६१ रुपये, बाहेरचे १५ म्हणजे ८३२. पाकिटं, लेबलं, कार्डं मिळून दोनशे-अडीचशे. साडेचार हजारांच्या आत आलं.

टपाल खात्यानं मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट ही पुस्तकांसाठीची सेवा सुरू केली आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर. स्वस्त आहे, पण अटी आहेत: व्यापारी स्वरूपाचं किंवा नियमित कालावधीनं निघणारं प्रकाशन चालत नाही, जाहिराती नकोत, आणि मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. पाकीट रस्त्यानं किंवा रेल्वेनं जातं, म्हणून वेळ लागतो. तुमची पुस्तिका त्यात बसते का ते नमुना प्रत घेऊन आधी खिडकीवर विचारा, चाळीस पाकिटं चिकटवून झाल्यावर नको.

कुणी सुचवेल की इतकं कशाला, प्रत्येकी अर्धा किलो गूळ द्या, कोल्हापूरची ओळख. हातोहात द्यायला उत्तम. टपालानं नको, पाझरतो, आणि मुंग्यांना पत्ता लागतो.

चिठ्ठ्या टाकून एकाला मोठं बक्षीस देण्याचा विचार असेल तर तो सोडा. प्रवेश फी घेऊन नशिबावर बक्षीस म्हणजे लॉटरी, आणि सरकारी परवानगीशिवाय ती चालवणं गुन्हा आहे. फी म्हणजे पावती फाडलेलीच फी असं नाही. ‘यूपीआयवर ऐच्छिक मदत करा, मदत करणाऱ्यांतून एकाला साडी’ हेही त्याच वाटेनं जातं. वाचकांनी खुशीनं पैसे दिले तर घ्या, पण त्याचा बक्षिसाशी धागा जोडू नका. बक्षिसाच्या शब्दकोड्यांना १९५५ चा वेगळा कायदा आहे. महिन्याला एकूण हजार रुपयांवर बक्षीस असलेली स्पर्धा त्यात बंद आहे आणि त्याखालच्यांना परवाना लागतो. तो जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांनाच लागू होतो, कौशल्याच्या स्पर्धांना नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये सांगितलं आहे. पण नऊ हजेऱ्या झालेल्या प्रत्येकाला सारखीच पुस्तिका, फी नाही, सोडत नाही, अशी रचना असली की या वादात पडायचं कारणच उरत नाही.

पत्ते मागताना फक्त पात्र वाचकांचे मागा, बाराव्या भागानंतर, आणि कशासाठी हवेत ते त्याच मेसेजात लिहा. पाकिटं पोचली की पत्ते पुसून टाका. शाळकरी वाचक असेल तर पत्ता आई-वडिलांकडून घ्या.

वाचकांच्या सूचनांबद्दल एक गोष्ट पहिल्याच दिवशी लिहून ठेवा: पुढं काय व्हावं हे सुचवायला सगळ्यांना मोकळीक आहे, पण सूचना वापरली तरी लेखन लेखकाचंच. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, शब्दांवर असतो, त्यामुळं कायद्यानं तुम्ही सुरक्षित आहात. पण ‘ते वळण माझं होतं’ ही तक्रार कायदा बघून येत नाही. वाचकानं लिहिलेली एखादी कविता किंवा पत्र जसंच्या तसं पुस्तिकेत घेणार असाल तर लेखी परवानगी घ्या, आणि पुढं मालिकेचं पुस्तक होणार असेल तर तेही त्यात नमूद करा. हक्क लिहून दिले पण मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो.

पुस्तक विकायला काढायची वेळ आली तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. या चार प्रती छपाईच्या हिशेबात आधीच धरा.

पैसे उरले, किंवा पुस्तिका नकोच वाटली, तर बाराव्या भागाचं अभिवाचन ठेवा. शहरात वाचनालयांची जुनी परंपरा आहे, करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासूनचं. तुमच्या भागातल्या वाचनालयाकडं एखाद्या संध्याकाळी खोली मिळते का विचारून बघा. मोठ्यानं वाचताना मिनिटाला १२० शब्दांच्या आसपास वेग पडतो, म्हणजे एक भाग अकरा-बारा मिनिटांचा. शेवटचे दोन भाग आणि मधे चहा, एवढंच. तासाभरापेक्षा जास्त नको. संवाद नऊ हजेऱ्यांवाल्या वाचकांना वाटून द्या, निवेदन तुम्ही करा. संहिता चौदा पॉइंटमध्ये छापा, ज्याचा संवाद त्याला रंगीत खूण करून. एकदा तरी तालीम घ्या, नाहीतर पहिलाच वाचक ‘कंसात, हसून’ हेही मोठ्यानं वाचतो. बाहेरगावच्यांना त्याची ध्वनिफीत पाठवायची असेल तर माईकजवळचा पंखा बंद करा. आणि बारावा भाग यादीवर अभिवाचन झाल्यानंतर, त्याच रात्री नेहमीच्या नऊ वाजता पाठवा.